पिंग जात नाही, पण पेज उघडते

हमीदभाई, तुम्ही मला फसवलं.

गोंडपिपरीत लोक उलटं समजतात. त्यांना वाटतं, शोभाबाईनेच हमीदभाईला फसवलं. कारण दुकान माझं, पाटीवर नाव माझं, बोलणं माझं. आणि तुम्ही शेवटची वर्षं रस्त्यापलीकडच्या एवढ्याशा खोलीत मिक्सर आणि इन्व्हर्टर उघडून बसलेले. दिसायला तसंच दिसतं. पण फसवलं तुम्ही. माझ्या काउंटरवर बसून, माझा चहा पिऊन तुम्ही शब्द दिला आणि माझ्या पाठीमागे मोडला. नंतर त्याहून मोठी फसवणूक केली. ती मला कळली तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी, तुमच्या जियारतीला, तुमच्याच घरात, भाभींच्या शेजारी बसलेली असताना. भांडायला तुम्ही नव्हता. म्हणून इथे भांडते.

आपली ओळखच भांडणातली. गडचांदूरला कारखान्याच्या भंगाराचा लिलाव होता. पत्रे, पट्टे, ड्रम आणि एका कोपऱ्यात ऑफिसातून काढून टाकलेल्या कॉम्प्युटरांचा ढीग. मी तेव्हा भंगारातून मॉनिटर उचलून विकायची. धानाच्या बांधावरून उठून आलेली बाई, लिलावात एकटी, त्यामुळे आवाज मुद्दाम मोठा ठेवायची. तुम्ही उकिडवे बसून एकेका डब्याचं झाकण काढून आत नाक घालत होता. जळकट वास येतो का बघत होता, हे मला मागाहून समजलं. मी बोली लावली की तुम्ही वर चढवायचे.

"भाऊ, काऊन फुकटचा भाव वाढवून राह्यले? काय करान हे घेऊन?"

"चालू करीन. तू काय करशील, बाई?"

"विकीन."

"बंद पडलेलं?"

"मंग तुमी चालू करा, मी विकते. पन आता हात खाली करा."

तुम्ही हसले आणि खरंच हात खाली केला. आपली भागीदारी ती एवढीच. कागद कधी झाला नाही.

मला जे काही येतं ते तुम्ही शिकवलं. दोन कॉम्प्युटर तारेने जोडले की एकमेकांना दिसतात का, हे बघायचं तर पिंग करायचं, हे पहिलं. एकाने हाक मारायची, दुसरा जिवंत असेल तर ओ देतो. मला ते इतकं आवडलं की दिवसभर मी तेच करत बसले. मग आपली सवयच झाली. सकाळी शटरखालून वाकून येताना तुम्ही म्हणायचे, "पिंग." मी हिशेबातून मान वर न काढता म्हणायची, "हाव." गिऱ्हाईक बघत राहायचे.

वैनगंगेपलीकडच्या आष्टीच्या कॉलेजचं काम मी आणलं आणि केलं तुम्ही. त्यांची अडचण साधी होती. मुलामुलींना सर्व्हर चालवायला शिकवायचं, आणि शिकताना तो बिघडणार. खरा कॉम्प्युटर बिघडला की अख्खी लॅब बसून राहणार. तुम्ही त्यांना एम्युलेटर दाखवला. कॉम्प्युटरच्या आत एक प्रोग्राम, आणि त्या प्रोग्रामच्या पोटात दुसरा पूर्ण कॉम्प्युटर, दिसायला खरा आणि असायला नुसता भास. मोडा, जाळा, काहीही करा. पुसून टाकायचा आणि नवा सुरू करायचा. प्राचार्यांनी विचारलं, "म्हणजे खेळण्यातला?" तुम्ही म्हणाले, "सर, खेळण्यातला असला तरी रडते खऱ्यासारखाच." त्या वाक्यावर काम मिळालं. मी तर भाव ठरवण्याच्या तयारीने गेले होते, तोंड उघडायची वेळच आली नाही.

फक्त एक गोष्ट राहिली होती, आणि आपलं सगळं नंतर तिच्यावरच मोडलं. आतल्या कॉम्प्युटरला बाहेरचं नेटवर्क द्यायचं तर खऱ्या कॉम्प्युटरमध्ये त्याच्यासाठी वेगळी वाट काढावी लागायची. त्याला मुख्य पासवर्ड लागतो. पासवर्ड माझ्याकडे. मी करारातच तसं घातलं होतं. लॅबमध्ये नेटवर्कचं प्रॅक्टिकल असलं की कॉलेजमधून फोन यायचा, "ताई, पासवर्ड टाकायला कोणी पाठवता का?" फोनवर मी सांगत नसे. तुम्हाला आष्टीच्या बसमध्ये बसवायची. पूर आला आणि रस्ता बंद झाला की प्रॅक्टिकल रद्द. करार नवा करायची वेळ आली की मी आठवण करून द्यायची, आमच्याशिवाय तुमचं चालतं का? ह्याची मला लाज नव्हती. धंद्यात आपली गरज टिकवून ठेवावी लागते, हे मी उपाशी राहून शिकले होते.

तुम्हाला मात्र ते बसमध्ये बोचायला लागलं. एका दुपारी तुम्ही दुकानात आले, काउंटरवर कोपर टेकवले आणि म्हणाले, "बाई, एक दुसरा रस्ता हाय. पासवर्डच नाई लागत."

"मंग तो रस्ता मले नाई पाहिजे."

"ऐकून तं घे. आतली मशीन घराबाहेर निघतच नाई. तिले काय पाहिजे ते ती सांगते, आन् आपला प्रोग्राम तिच्यासाठी बजारात जाऊन आणून देते. बजारात जायले कोनाची परवानगी लागते का? साधा मानूस जाते, तसा साधा प्रोग्राम जाते. भिंत फोडायची गरज नाई."

"आन् बाहेरचा कोनी आत शिरला तर?"

"शिरूच शकत नाई. आतून बोलावल्याशिवाय बाहेरच्याले आतलं घर दिसतच नाई. तुझ्या पासवर्डवाल्या रस्त्यापेक्षा हा बंदोबस्ताचा. थोडा धीमा चालते, बस."

"बरं, ठेवा तो रस्ता. ज्याले पाहिजे तो मागन, मंग चालू करून देऊ."

तुम्ही मान हलवली. "नाई बाई. न मागता चालू पाहिजे. मशीन उघडली की आपोआप."

"न मागता काऊन?"

"ज्याले मागता येते तो तुले फोन करते. ज्याले मागायचंच माहीत नाई, तिथी बसलेल्या अशा पोरी किती हायेत! नेट नाई लागलं की पोरगी समजते, आपल्यालेच येत नाई. घरी निघून जाते."

मी चिडले. मी चिडते तेव्हा काय बोलते ते अख्ख्या बाजारपेठेला माहीत आहे. म्हणाले, दानधर्म करायचा तर स्वतःच्या घरून करा, माझं कुलूप तोडून नाही. म्हणाले, तुम्ही डबे दुरुस्त करा, धंदा मला शिकवू नका. तुम्ही बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्यायले. मग म्हणाले, "ठीक हाय. दिमाग ठंडा ठेव. तू म्हणशील तसं. नाई करत." हाच तुमचा शब्द.

तो तुम्ही पाळला नाही, हे मला शांततेवरून कळलं. कॉलेजचे फोन थांबले. आधी वाटलं परीक्षा असेल. मग वाटलं दुसरा कोणी घुसला असेल आणि माझं काम ओढून नेलं असेल. मी न सांगता बस पकडली आणि लॅबमध्ये जाऊन उभी राहिले. प्रॅक्टिकल चालू होतं. तुम्हीही तिथेच होता, कोणाच्या तरी मागे वाकून काहीतरी दाखवत. मला बघून सरळ झाले. म्हणाले, "पिंग, बाई." त्या दिवशी मी ओ दिली नाही.

मी एका मुलीला उठवलं आणि तिच्या खुर्चीवर बसले. आतली मशीन नव्याने सुरू केली. पासवर्ड विचारला नाही. नेटवर्क चालू असल्याची खूण आपोआप आली. म्हणजे तुम्ही केलंच होतं. प्रत्येक कॉम्प्युटरवर, न मागता, माझ्या पाठीमागे. माझे कान गरम झाले. पण माझ्यातली बाजारातली बाई तेवढ्यातही जागी होती. मालात खोट काढली की भाव आपल्या हातात राहतो. मी तुम्हीच शिकवलेली पहिली गोष्ट केली. पिंग केलं, बाहेरच्या जगाला. उत्तर आलं नाही. पुन्हा केलं. नाहीच.

प्राचार्य आवाज ऐकून आले होते. मी त्यांच्याकडे वळून सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "बघा. बाहेर काही जात नाही. ह्या माणसाने माझ्या नकळत तुमच्या लॅबमध्ये अर्धवट काम करून ठेवलं आहे. मलाही फसवलं आणि तुम्हालाही."

तुम्ही हळू म्हणाले, "पिंग जात नाई बाई, पन पेज उघडते."

तुम्ही हात पुढे केला होता. एक बटण दाबलं असतं तर पेज उघडलं असतं आणि मी त्या सगळ्यांसमोर मूर्ख ठरले असते. तुम्ही माझ्याकडे बघितलं. मग हात मागे घेतला आणि प्राचार्यांना म्हणाले, "बाई बरोबर म्हणते सर. पिंग जात नाई."  मला वाटलं, पकडले गेले म्हणून कबूल केलं. मी तरातरा बाहेर आले आणि पहिल्या बसने परतले.

त्यानंतर तुम्ही आपली हत्यारं पिशवीत भरून रस्त्यापलीकडे गेले. मी थांबवलं नाही. पुढे कराराची वेळ आली. मी पूर्ण तयारी करून गेले होते, तुमच्या नावाने काय काय सांगायचं, स्वतःला कसं वाचवायचं, कुठे हटायचं नाही. प्राचार्यांनी माझा आकडा ऐकला, चहा मागवला आणि सही केली. घासाघीस नाही, एक प्रश्न नाही. पासवर्डवालं जुनं कलमही त्यांनी स्वतःच काढलं, आणि मीही त्या आनंदात ते जाऊ दिलं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा. किती जणांना सांगितला असेल मी तो! कोरपन्याच्या व्यापाऱ्याला, चंद्रपूरच्या डीलरला, नव्या गिऱ्हाईकालासुद्धा. "मी बोलली आन् समोरचा मानूस चुपचाप सही करून मोकळा." तुमच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायची. मुद्दाम.

आणि तुम्ही रोज सकाळी माझ्या दुकानासमोरून जायचे. सायकल न थांबवता म्हणायचे, "पिंग." मी स्क्रीनकडे बघायची. एकदाही चुकवलं नाही तुम्ही, आणि मीही.

आता जियारतीचा दिवस. बाहेर पुरुष बसले होते. आत बायकांमध्ये मी भाभींजवळ बसले होते. खरं म्हणजे मी येऊ की नको असं करत आले होते, कोणी काही बोललं तर तोंडाला तोंड देण्याच्या तयारीने. कोणी काहीच बोललं नाही. भाभींनी माझा हात धरून ठेवला. तेवढ्यात नदीपलीकडून आलेली एक मुलगी माझ्या पाया पडली. वनिता. कॉलेजात शिकली आणि आता तिथेच लॅब सांभाळते. म्हणाली, "ताई, वळखलं का? त्या दिवशी तुमी माह्याच खुर्चीवर बसल्या होत्या."

मला जमिनीने गिळावं असं झालं. पण ती रागाने बोलतच नव्हती.

"तुमी गेल्यावर प्राचार्य सर लय भडकले होते. म्हने, ह्या बाईशी आता व्यवहारच नाई करायचा, पासवर्ड दाबून ठेवते, वरून तमाशा करते. तवा हमीद सरांनी सांगितलं ना आमाले, का ही आयडिया तुमचीच होती."

"कोनती आयडिया?"

"न मागता नेटवर्क चालू ठेवायची. सर म्हने, 'बाईनंच मले सांगितलं, पोराईले पासवर्डसाठी ताटकळत नको ठेवू. तिले अर्धवट काम चालत नाई, पिंग जात नाई म्हनून तिचं डोस्कं फिरलं. तुमी तिच्यावर रागावू नका.' मंग प्राचार्य सरांचा राग गेला, म्हने करार चालू ठेवू."

भाभी मान हलवत होत्या. त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या सगळ्यात मोठ्या सौद्यात मी सौदा केलाच नव्हता, हे फक्त मला माहीत नव्हतं.

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आन् पिंग काऊन नाई जात ते सांगितलं का त्यायनं?"

"पहिल्याच दिवशी. म्हने पिंगची हाक येगळी असते, साध्या प्रोग्रामले ती बाहेर टाकाची परवानगी नसते. बाकी सगळं जाते-येते. म्हने, हाकेले उत्तर नाई आलं म्हनून रस्ता बंद हाय असं समजाचं नाई." मग ती डोळे पुसत हसली. "ताई, मी वसतिगृहात राहाची. संध्याकाळी लॅबमध्ये कोनीच नसे, ना मास्तर ना पासवर्ड. तरी मशीन उघडली का नेट चालू. मी तिथीच सगळं शिकली. तुमी नसत्या तर मी परत गावाले गेली असती."

तुमी नसत्या तर. हमीदभाई, मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. माझं तोंड कधी बंद असतं? भाजीवालीशी, तलाठ्याशी, कंडक्टरशी मी कुठेही गप्प बसत नाही. तुमच्या घरात, तुमच्या बायकोचा हात हातात असताना, मी गप्प बसले. वर मान डोलावली. हलकेच, मोठेपणाने, जसं कोणी कौतुक केल्यावर डोलावतात तशी. ती मान मला रोज आठवते. तुमच्या सायकलवरच्या हाकेपेक्षा जास्त.

आणखी आहे. वनिता म्हणाली, कॉलेज नवी लॅब उघडणार आहे. हमीद सरांच्या आठवणीत कार्यक्रम ठेवणार आहेत, आणि त्यात माझा सत्कार. शाल, श्रीफळ. दारावरच्या पाटीत लिहिणार आहेत की ही व्यवस्था शोभाताईंच्या कल्पनेतून झाली. "सरांचीच इच्छा असती," ती म्हणाली. प्राचार्यांचा फोनही येऊन गेला. मी म्हणाले, "बरं." पुन्हा एकदा, बरं.

मी स्वतःला ओळखते. कोणी शाल उघडून उभं राहिलं की मी खांदे पुढे करीन. माईक हातात दिला तर म्हणीन, हमीदभाई फार चांगले होते, आणि खाली बसेन. बाहेर येऊन त्या पाटीकडे बघून मला बरंही वाटेल, ही खरी भीती आहे. म्हणून कार्यक्रमाच्या आधीच हे छापायला देते आहे. ते वाचणाऱ्यांनी वाचावं, प्राचार्यांनी वाचावं, वनितानेही वाचावं. न मागता चालू ठेवायची कल्पना हमीदभाईंची. तिला अडवणारी मी. पाटीवर माझं नाव घातलं तर ते खोटं असेल, आणि ते खोटं आहे हे आता गोंडपिपरी ते आष्टी सगळ्यांना माहीत असेल. मला मागे फिरायला जागा राहू नये म्हणून मी असं केलं. सौद्यात समोरच्याला असंच अडकवतात. ह्या वेळी समोर मीच आहे.

पण म्हणून तुम्ही सुटत नाही.

शब्द मोडला ते मी सोडून देते. त्या बाबतीत वाद अजून चालू आहे, आणि तुम्ही पुन्हा विचारलं असतं तर मी पुन्हा नाहीच म्हटलं असतं, हेही लिहून ठेवते. मरणाने माझा स्वभाव बदललेला नाही, तुमच्या मरणाने तर नाहीच. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणूनच तुम्ही विचारलं नाही. चला, तेवढं मान्य.

दुसऱ्या गोष्टीचा मात्र जाब द्या. माझ्या नावाने सौदा करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मी तुम्हाला लबाड ठरवून निघून गेले, आणि तुम्ही माझ्या मागे उभं राहून मला भली ठरवली, ती कशासाठी? दया होती का? मला दया नको होती, हमीदभाई, मी आयुष्यभर कोणाची घेतली नाही. की एक दिवस मला हे कळेल आणि मी अशी जळेन, असा तुमचा हिशेब होता? तसं असेल तर तुम्ही माझ्याहून पक्के निघाले, आणि ते तरी मला तोंडावर सांगायला हवं होतं. रोज सकाळी सायकलवरून एक शब्द टाकून जाण्यापेक्षा एकदा उतरून सांगायचं होतं. मी भांडले असते. तुमची पिशवी रस्त्यावर फेकली असती. पण मला कळलं असतं.

तुम्ही उतरले नाहीत. मी वर बघितलं नाही. ह्यात माझा वाटा किती, तो मी मोजून घेईन. तुमच्या वाट्याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे. अर्ध्यावर उठून जाणारी बाई मी नाही, हे तुम्हाला गडचांदूरपासून माहीत आहे. मी काउंटरवर बसले आहे, शटर वर आहे.

बोला.